घर विकण्यापूर्वीची डागडुजी आणि ऐब सांगण्याचे कर्तव्य

मदिनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुमाच्या बयानात ऐकलेली आहे. आदरणीय प्रेषित (स.) एका विक्रेत्याच्या ढिगापाशी थांबले, त्यांनी ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पाऊस खरोखरच पडला होता; त्या माणसाने मुद्दाम पाणी ओतले नव्हते. तरीही भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. ती ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे किराणा दुकान, दूधवाला आणि तराजू येतो. घराची भिंत सहसा येत नाही. वास्तविक आतून भिजलेला ढीग आणि आतून ओल धरलेली भिंत यांचा हुकूम वेगळा नाही. ढिगाचे नुकसान चार दिवसांत भरून निघेल; घर घेणाऱ्याची मात्र आयुष्यभराची कमाई त्या भिंतीत अडकते.

अमरावती-अकोल्याकडे हा विषय आता वारंवार विचारला जातो. कोणाच्या घरी शस्त्रक्रियेचा खर्च आलेला असतो, कोणाला कर्ज फेडायचे असते, कोणाचे भाऊ विभक्त होत असतात. मध्यंतरी असाच एक तरुण मगरिबनंतर थांबला. वडिलांच्या उपचारासाठी दोन खोल्यांचे घर काढायचे होते आणि घर ‘दाखवण्याजोगे’ करण्यासाठी हाताशी जेमतेम दहा हजार रुपये होते. दलालाचा सल्ला सरळ होता : स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीला पुट्टी मारा, वर गडद रंग द्या, पावसाळ्याआधी सौदा उरका. त्या तरुणाचा प्रश्न असा की, निकड इतकी खरी असताना हे चालेल का? निकडीबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. पण मदिनेचा पाऊसही खराच होता, आणि ती सबब तेथे मान्य झाली नाही.

मग डागडुजी करूच नये काय? अवश्य करावी. आपली वस्तू स्वच्छ, नीटनेटकी मांडणे हा विक्रेत्याचा हक्क आहे आणि पाकी तर ईमानाचाच भाग आहे. प्रश्न फक्त सीमारेषेचा आहे, आणि ती रेषा फुकहांनी फार पूर्वी आखून ठेवली आहे. मदरशात ‘कुदूरी’ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐबाची व्याख्या पाठ असते : व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीमुळे किंमत उतरते ती गोष्ट म्हणजे ऐब. म्हणजे ऐब कोणता हे विक्रेत्याच्या सोयीने ठरत नाही. त्या मालाच्या जाणकारांच्या नजरेने ठरते. घराच्या बाबतीत जाणकार म्हणजे गवंडी, मिस्त्री आणि चार व्यवहार केलेला माणूस. मळलेली भिंत, उडालेला रंग, खिडकीची तुटलेली काच यांना कोणी ऐब म्हणून मोजणार नाही. ते उघड्या डोळ्यांना दिसते आणि त्याचा हिशेब घेणारा स्वतःच करतो. गळके छत, खचलेला पाया, पोखरलेली चौकट, खारे पाणी आणि पुराची जागा हे ऐब आहेत. कारण ते कळताच भाव उतरतो.

दुसरी कसोटी जनावरांच्या बाजारातून मिळते. गाय, शेळी किंवा सांडणी विकण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिचे दूध काढायचे नाही, म्हणजे घेणाऱ्याला कास भरलेली दिसते, ही युक्ती अरबस्तानात चालत असे. प्रेषितांनी (स.) तिला मनाई केली. जनावराला धुणे, चारा घालणे, त्याची शिंगे साफ करणे यांना मनाई नव्हती. खर्च केल्याने दोष दूर होत असेल तर ती दुरुस्ती आहे. खर्च केल्याने दोष तसाच राहून केवळ नजरेआड होत असेल तर ती तुंबवलेली कास आहे. दहा हजारांचा प्रत्येक रुपया हातातून सोडण्यापूर्वी एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ गुंता सुटतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्याच्याकडे पैसा थोडा आहे त्याने सुरुवात पैसा न लागणाऱ्या कामांनी करावी. माळ्यावरची अडगळ, मोडका पलंग, गंजलेली पिंपे भंगारवाल्याला द्यावीत. खोली रिकामी झाली की ती तिच्या खऱ्या मापाची दिसते. पाण्याची टाकी धुवावी, मोरी आणि संडास घासून काढावेत, बिजागऱ्यांना तेल द्यावे, कडी-कोयंडे घट्ट करावेत, गळणाऱ्या नळाचे वायसर बदलावे. छतावरची पन्हाळ पाल्यापाचोळ्याने तुंबलेली असते, ती मोकळी करावी. निम्मी गळती एवढ्यानेच थांबल्याची उदाहरणे आहेत. टिनांचे छप्पर असेल तर खिळ्यांखालची झिजलेली वायसरे बदलून घ्यावीत. वऱ्हाडात उन्हाळाभर खिडकीत कूलर असतो आणि त्याच्या टाकीतून झिरपणाऱ्या पाण्याने खिडकीखालची भिंत भिजलेली असते. येथे कूलर हलवला, टाकीची गळती बंद केली आणि भिंतीला ऊन लागू दिले की दोष खरोखर संपतो. मग त्यावर रंग दिला तर हरकत नाही.

रंगासाठी महागडे डबे हवेतच असे नाही. कळीचा चुना सावधपणे विझवून, रात्रभर मुरवून, कापडातून गाळून, त्यात थोडी नीळ आणि डिंक घालून दिलेले दोन-तीन पातळ हात घर उजळून टाकतात. आपल्या आजी-आजोबांची माती-विटांची घरे याच चुन्यावर उभी होती. भिंतीवर जुना ऑइल पेंट असेल तर मात्र तो खरवडल्याशिवाय चुना धरत नाही.

आपल्या भागातील खरी अडचण खाराची आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तेथे जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते बांधकामात वापरले गेले किंवा पायातून ओलीबरोबर वर चढले की भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पांढरी भुकटी फुटते, गिलावा फुगतो आणि पापुद्रे गळू लागतात. अशा भिंतीवर पुट्टी मारणे शरियतच्या दृष्टीने चूक आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही तो वाया गेलेला पैसा आहे. काही महिन्यांत पुट्टीसकट पापुद्रा खाली येतो आणि घेणारा दारात उभा राहतो. पोकळ गिलावा काढावा, कोरड्या ब्रशने खार झाडावा, ओला फडका अजिबात लावू नये, कारण पाण्याबरोबर खार पुन्हा आत शिरतो. भिंत पुरती वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा. चुन्यातून भिंत श्वास घेते; सिमेंटच्या लेपाखाली ओल कोंडते व वरच्या अंगाला फुटते. आणि एवढे करूनही, खार पायातून येत असेल तर तो परत येणार आहे, हे घेणाऱ्याला सांगावेच लागेल. शक्ती नसेल तर भिंत आहे तशी ठेवावी आणि बोट दाखवून सांगावे. त्याला खर्च शून्य आहे.

काळ्या मातीचीही गोष्ट अशीच आहे. कपाशीची ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात, मे महिन्यात रुंदावतात आणि भादव्यात मिटल्यासारख्या दिसतात. उलट छताची गळती उन्हाळ्यात कोणाला दिसणार? म्हणजे आपल्याकडे प्रत्येक ऋतू घराचा एक ऐब उघडा पाडतो आणि एक झाकून ठेवतो. चलाख दलाल याच हिशेबाने घर दाखवण्याचा महिना ठरवतात. ज्याला आखिरतची फिकीर आहे त्याने जो ऐब ऋतूने झाकला आहे तो जिभेने उघडा करावा. उन्हाळ्यात घर दाखवताना कोणत्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते ते सांगावे. पावसाळ्यात दाखवताना चीर उन्हाळ्यात किती उघडते ते सांगावे. घरातील स्त्रियांना हे सर्वाधिक ठाऊक असते. घेणाऱ्यांच्या बायका स्वयंपाकघरात शिरून त्यांनाच विचारतात. तेव्हा घरधन्याने ‘काही बोलू नकोस’ असे डोळ्यांनी खुणावणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्यात पत्नीलाही सामील करणे होय.

पुराचे तसेच आहे. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीला आलेला पूर अकोलेकर विसरलेले नाहीत. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घरांत शिरले होते. अमरावतीत अंबा नाल्याच्या काठची घरेही अतिवृष्टीत अशी जोखीम बाळगून असतात. भिंतीवरची पाण्याची रेघ चुन्याने पुसली जाते. बाहेरगावाहून आलेल्या घेणाऱ्याला शेजारी सांगतील या भरवशावर आपण गप्प राहू नये. नळ किती दिवसांआड येतो, बोअरचे पाणी गोडे की खारे, उन्हाळ्यात ते टिकते की नाही, याची खरी उत्तरे तयार ठेवावीत.

येथे कोणी म्हणेल, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने पाहून घ्यावे. या युक्तिवादाचा विचार आपल्या फिकहच्या किताबांत झालेला आहे आणि तो मोठा रोचक आहे. न पाहिलेली वस्तू घेणाऱ्याला ती पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क हनफी फिकहने दिला; त्याला ‘खियारे रुयत’ म्हणतात. मग घर ‘पाहिले’ असे केव्हा म्हणायचे? जुना मसला असा होता की, अंगण पाहिले म्हणजे घर पाहिले. इमाम जुफर (रह.) यांचे म्हणणे होते की खोल्यांच्या आत शिरल्याशिवाय घर पाहिले असे होत नाही. पुढे ‘हिदाया’च्या लेखकांनी उलगडा केला की पहिला मसला त्या काळच्या घरांना धरून होता, कारण ती घरे आतून सारखीच असत. आता घराघरांत फरक पडला आहे, म्हणून आत जाऊन पाहणे आवश्यक. आठशे वर्षांपूर्वी मध्य आशियात बसून लिहिलेली ही गोष्ट आजच्या एखाद्या कॉलनीत अधिकच खरी ठरते. आज तर आत जाऊनही भिंतीच्या पोटातले दिसत नाही. पुट्टी, टाइल्स आणि पीओपीच्या छतामागे काय आहे ते राहणाऱ्यालाच माहीत. पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे हे मान्य. पण जे पाहता येणे शक्य नाही ते सांगण्याची जबाबदारी देणाऱ्याकडे उरते. हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांची इब्ने माजामधील रिवायत याच आशयाची आहे : ऐब असलेली वस्तू तो स्पष्ट केल्याविना आपल्या भावाला विकणे मुसलमानास हलाल नाही.

‘जसे आहे तसे’ या शब्दांवर विकण्याचा रिवाज आपल्याकडे रूढ आहे. हनफी मसलकात, विक्रेत्याने सर्व ऐबांपासून आपण मुक्त आहोत अशी अट घातली आणि घेणाऱ्याने ती मानली, तर नंतर ऐबाच्या कारणाने वस्तू परत करता येत नाही. हा मसला खरा आहे आणि काही लोक तो ढालीसारखा वापरतात. परंतु सौदा न मोडणे आणि गुनाह न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहीत असलेला छुपा ऐब मनात ठेवून ‘जसे आहे तसे’ म्हणणाऱ्याला काजी कदाचित सोडेल. धान्याच्या ढिगाची हदीस सोडत नाही. आपल्या देशाचा कायदाही येथे फार दूर नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष, मग तो मिळकतीतला असो वा मालकी हक्कातला, उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. वेगळा करार नसेल तोवर.

मालकी हक्कातला दोष हा शब्द जरा थांबून वाचावा. माझ्या पाहण्यात घरांचे सर्वांत मोठे ऐब भिंतीत कमी आणि कागदात जास्त असतात. घर वालिद साहेबांच्या नावावर, त्यांच्या इंतकालला दहा वर्षे झालेली, वारस नोंद नाही, आणि भाऊ घराला रंग देत आहेत! पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलींचा वाटा ठरवून दिलेला आहे. तो भावांच्या मेहेरबानीवर सोडलेला नाही. बहिणींना ‘सही करायला ये’ असे सांगून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणे आणि त्याला त्यांची खुशी म्हणणे, हा आपल्या घराघरांतला जुना रोग आहे. लग्नात दिलेला हुंडा किंवा दागिने म्हणजे विरासतचा वाटा नव्हे. बहिणीला तिच्या वाट्याची रक्कम सांगावी, ती तिच्या हाती यावी, मग तिला सोडायची असेल तर तिने सोडावी. एका वारसाचा हक्क दाबून विकलेले घर घेणाऱ्याच्याही गळ्यात वाद म्हणून पडते. तेव्हा पुट्टीच्या आधी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढावी, ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना ८ पाहावा, घरपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी किती ते पाहावे. जागा नझुलाची असेल तर भाडेपट्ट्याची मुदत तपासावी. वऱ्हाडातील जुन्या शहरांत हा प्रश्न पुष्कळांना ऐन वेळी कळतो. या नकलांचा खर्च रंगाच्या एका डब्याहूनही कमी असतो आणि नीट कागद असलेले घर साध्या चुन्यावरही विकले जाते.

ग्राहक शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग सुन्नतमध्येच आहे. तो म्हणजे शेजारी. प्रेषितांचे (स.) आझाद केलेले सेवक हजरत अबू राफे (रजि.) यांनी हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या हवेलीतील आपल्या दोन खोल्या त्यांनाच देऊ केल्या. साद (रजि.) चार हजारांवर, तेही हप्त्यांनी, द्यायला तयार नव्हते. अबू राफेंना (रजि.) दुसरीकडून पाचशे दीनार मिळत होते आणि ती रक्कम अधिक होती. तरीही शेजाऱ्याचा हक्क जवळिकीमुळे अधिक असतो असे प्रेषितांकडून (स.) ऐकले असल्याने त्यांनी त्या सादांनाच (रजि.) दिल्या. सहीह बुखारीतील ही घटना शुफ्याच्या बाबतीत सांगितली जाते. शेजाऱ्याला आधी विचारले तर दलाली वाचते, शिवाय घराचे गुण-दोष त्याला आधीच ठाऊक असतात. संध्याकाळी पाठीमागच्या गल्लीत जाऊन विचारणे हे काहींना कमीपणाचे वाटते. का वाटावे हे मला समजलेले नाही.

दलाल ठेवायचाच असेल तर त्याला बजावून सांगावे की खोटे गिऱ्हाईक उभे करायचे नाही. ‘दुसरी पार्टी दोन लाख जास्त द्यायला तयार आहे’ हे वाक्य खोटे असेल तर तो ‘नज्श’ आहे, म्हणजे घ्यायचे नसताना भाव चढवणे, आणि त्याला हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. दलाल आपल्या वतीने बोलतो. त्याच्या खोट्याचा पैसा आपल्या खिशात येतो. शपथांचेही तेच. ‘अल्लाहची शपथ, एक थेंब गळत नाही’ अशा शपथेने माल खपतो पण बरकत पुसली जाते, असा इशारा आलेला आहे.

हा लेख वाचणाऱ्यांत उद्या घर घेणारेही असतील, म्हणून त्यांच्यासाठी एक प्रसंग. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या नोकराने तीनशे दिरहमला घोडा ठरवला. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की याची किंमत अधिक आहे, ते चढवत चढवत आठशेपर्यंत गेले. प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत त्यांनी प्रेषितांच्या (स.) हातावर केली होती. इस्पितळाच्या बिलासाठी घर काढणाऱ्याची घाई ओळखून, त्याने प्रामाणिकपणे सांगितलेल्या एका ओल्या भिंतीच्या नावाखाली निम्मा भाव पाडणाऱ्याने स्वतःची तुलना या घोड्याच्या ग्राहकाशी करून पाहावी. भिंत दुरुस्त करायला गवंडी जेवढे सांगेल तेवढे उतरवावे. जो खरे बोलला त्यालाच त्याची शिक्षा मिळू लागली तर मोहल्ल्यात पुढचा माणूस पुट्टीच मारणार.

ठरलेली किंमत, सांगितलेले ऐब आणि मुदत हे सर्व इसार पावतीवर लिहून घ्यावे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याचा उपदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. घेणाऱ्याने माघार घेतली तर इसार जप्त करण्याचा रिवाज आपल्याकडे सर्रास आहे, हनफी आणि इतर बहुसंख्य फुकहांच्या मते ती रक्कम परत करावी लागते, इमाम अहमद (रह.) यांनी मात्र ती ठेवण्यास मुभा दिली आहे. तेव्हा पावती लिहिण्यापूर्वीच मुफ्ती साहेबांना विचारून ती अट ठरवावी. ऐबांची वाक्ये साधी असावीत : ‘स्वयंपाकघराची दक्षिणेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. मागील खोलीचे टिन एका ठिकाणी गळते. बोअरचे पाणी खारे आहे. हे घेणाऱ्यास दाखवले व सांगितले आहे.’ खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि पावतीच्या दोन प्रती. एक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे.